पायाशीसुद्धा चालेल

हे खरं घडलेलं आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मला कुणाची मनधरणी करायची नाही. यात बाराचे ठोके नाहीत. पांढऱ्या कपड्यातली बाई नाही. कुणी साखळदंड ओढत जिना चढत नाही. ज्यांना असलं काही लागतं त्यांनी ते दुसरीकडे वाचावं आणि हौसेने थरथरावं.

तारीख ६ जानेवारी १९८७. वेळ संध्याकाळची, साडेचार. गाव स्तारी ग्रूद, बियालिस्तोक शहरापासून दोन तासांवर, जंगलाला खेटून. आमच्या पंथाच्या नाताळची ती आदली संध्याकाळ. पारा उणे एकतीसवर होता आणि विहिरीचा दोर लाकडासारखा कडक झाला होता.

हे घडलं माझ्या मावशीच्या घरी. मावशी उस्तिना आणि तिचा नवरा दानिलो, दोघांकडून मी हे एकेकट्याला गाठून ऐकलंय. दोघंही एरवी एक नंबरचे खोटारडे. पण या गोष्टीत दोघांच्या बोलण्यात एका अक्षराचा फरक पडला नाही.

त्या घरात ऊब एकाच ठिकाणी होती. अर्धी खोली अडवून बसलेली विटांची चूल, आणि तिच्या वरचा झोपायचा ओटा. बाकी सगळं घर म्हणजे बर्फाची पेटी. खिडकीजवळच्या पलंगावर झोपलं की सकाळी उशीला दव गोठलेलं असायचं.

ओटा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे नऊ वर्षं तिथे दानिलोची आई झोपायची. मेलान्या तिचं नाव. चिमणीएवढी बाई.

उस्तिनाला ती डोळ्यांसमोर नको असायची.

"चुलीवरची मांजर," ती म्हणायची. "मांजर निदान उंदीर तरी मारते."

आदल्या शरद ऋतूत उस्तिनाने म्हातारीला खाली उतरवलं. तोंडाने मात्र साखर.

"आई, चढता-उतरता पडलात म्हणजे? लोक मला नावं ठेवतील. बाकावर कसं छान वाटेल तुम्हाला."

बाक दाराजवळ होता. दार उघडलं की गार वारा थेट त्याच्यावर.

"सूनबाई, एवढीशी जागा दे गं," म्हातारी म्हणाली. "मी कडेला पडेन. पायाशीसुद्धा चालेल."

"दोघींना जागा पुरत नाही," उस्तिना म्हणाली.

आणि दानिलो? तो मिठाची गुळणी धरून बूट पुसत बसला होता. सख्खा मुलगा. बूट मात्र लख्ख झाले.

नोव्हेंबरात म्हातारी त्या बाकावरच गेली.

"थंडीने नाही हो, वयाने," उस्तिना गावभर सांगत फिरली. कुणी विचारलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

तर ती संध्याकाळ...

उस्तिनाने सगळी तयारी करून ठेवली होती. म्हणजे सणाची नाही, स्वतःची. ओट्यावर नवी पिसांची रजई. पायांसाठी चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट. उशाशी सुक्या सफरचंदाच्या फोडी आणि भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. कुशीत घ्यायला मांजर. म्हातारी गेल्याने तिचा सुंठीवाचून खोकला गेला होता. बाहेर कावळे गोठून फांद्यांवरून पडत होते आणि ही बाई मनातल्या मनात रजईत शिरलीसुद्धा होती.

दानिलोने तो बाक टेबलाशी ओढला. सणाला बाकावरच बसायचं असतं. टेबलावर त्याने तीन वाडगे मांडले. मधातली गव्हाची खीर, खसखस घालून.

"तिसरा कुणासाठी?" उस्तिनाने विचारलं.

"आईसाठी. आज येतात सगळे."

"येऊ दे की. सरपण संपलं म्हणून सांगते."

"उस्तिना, आजच्या दिवशी तरी असं नको बोलूस."

त्या संध्याकाळी घरातली मेलेली माणसं जेवायला येतात. म्हणून बसण्याआधी जागेवर तीन वेळा फुंकर घालायची. आधीच कुणी बसलेलं असेल तर ते सरकतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे विसरत नाही.

दानिलोने फुंकर घातली. फू... फू... फू... आणि अंग चोरून बसला.

उस्तिना उभीच होती.

"घाल ना," तो म्हणाला.

"जिवंत होती तेव्हा हाच बाक तिला दिला होता मी. आता तोही हवा का?"

आणि ती धपकन बसली.

फुंकर न घालता.

बाक कुरकुरला नाही...

त्यातून श्वास निघाला. जड ओझं अंगावर पडल्यावर माणसाच्या छातीतून निघतो तसा. लांब. हळू.

हुश्श...

दानिलोच्या हातातला चमचा थांबला.

"ऐकलंस?"

"लाकूड आहे. थंडीत बोलतं," उस्तिना म्हणाली. पण ती जरा बाजूला सरकली, हे दानिलोने पाहिलं.

दोघं जेवू लागली. खिरीतून वाफ येत होती. दानिलोच्या वाडग्यातून येत होती, उस्तिनाच्या वाडग्यातून येत होती.

तिसऱ्यातली वाफ बंद झाली होती.

मग मांजर... चुलीवरच्या ओट्यावर गाढ झोपलेलं मांजर उठलं, खाली उतरलं आणि बाकापाशी येऊन बसलं. बाकाच्या रिकाम्या टोकाकडे मान वर करून बघत राहिलं. मग ते हळूहळू चालत परत चुलीकडे गेलं. थांबत थांबत. म्हाताऱ्या माणसाबरोबर आपण चालतो ना, तसं.

आणि ओट्यावर चढलं.

"बघ, मांजरालासुद्धा कळतं ऊब कुठे आहे ते," उस्तिना म्हणाली आणि हसली. दानिलो हसला नाही. तो एरवीही हसायचा नाही म्हणा.

जेवण झाल्यावर शेजारी खीर पोचवायची असते. दानिलो कोट चढवून पारास्काकडे निघाला. ती शेजारीण. म्हातारीच्या मातीच्या दिवशी "देवमाणूस होती हो" म्हणत ढसाढसा रडलेली. मेल्या म्हशीला मणभर दूध. नऊ वर्षांत तिने म्हातारीला एक लोणच्याची काकडी आणून दिली नव्हती.

उस्तिना घरात एकटी उरली. सहा वाजले असतील.

ती ओट्यावर चढली. रजई ओढली. पाय विटेवर ठेवले. तोंडात सफरचंदाची फोड टाकली.

अहाहा.

ती मला म्हणाली, "पोरी, आयुष्यात तेवढं सुख मला कधीच मिळालं नव्हतं. मोजून पाच मिनिटं."

मग पायाशी कुणीतरी बसलं.

मांजर असेल...

पण मांजर तिच्या कुशीत होतं.

वजन फार नव्हतं. चिमणीएवढ्या बाईचं असावं तेवढं. रजई त्या बाजूला जराशी दबली. फडक्यातली वीट आतापर्यंत पाय भाजेल इतकी गरम होती. ती आता गार होती. नुसती गार नाही, विहिरीच्या कठड्यासारखी.

उस्तिनाने पाय आखडले.

वजन वर सरकलं.

तिने गुडघे पोटाशी घेतले.

वजन आणखी वर सरकलं. घाईने नाही. बसायला जागा हवी असलेलं माणूस सरकतं तसं, संकोचाने.

आता तिच्या पाठीमागे कुणीतरी आडवं झालं होतं. भिंतीच्या बाजूला, ऊब जास्त असते त्या बाजूला. पाठीला थंडी लागत होती. खाली चूल धडधडत होती आणि तिचे दात वाजत होते. ती कडेला गेली. आणखी कडेला. तो ओटा चार माणसांना पुरेल एवढा रुंद आहे, मी स्वतः पाहिलाय. त्या संध्याकाळी एका बाईला तो पुरेना.

"आई," ती शेवटी म्हणाली. "आई, जागा पुरत नाहीये..."



तिच्या मानेवर, अगदी जवळून... फुंकर आली.

फू.

गार.

फू.

तिला कळलं. तिच्या जागी मी असते तर तिथेच मेले असते. बसायच्या जागेवर मेलेलं माणूस असेल तर ते सरकावं म्हणून आपण फुंकर घालतो. तीन वेळा.

आणि इथे कुणीतरी तिच्यावर घालत होतं.

फू.

दानिलो सात वाजता परतला. उस्तिना दाराजवळच्या बाकावर बसली होती. बाक टेबलापासून परत दाराशी कुणी नेला, हे तिलाही सांगता येत नाही. अंगात मेंढीचा कोट, पायात जाड लोकरीच्या नमद्याचे बूट, ओठ निळे. चूल लालभडक.

तिने नुसतं ओट्याकडे बोट केलं.

वर मांजर झोपलं होतं, गुरगुरत. रजईला त्याच्या शेजारी एक खळगा पडला होता. लहानसा. कुशीवर झोपलेल्या माणसाचा. दानिलो चढला आणि त्याने खळग्यात हात घातला.

तो ऊबदार होता.

आणि आता ऐका, या गृहस्थाने काय केलं ते. आई दारात कुडकुडत असताना ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तो त्या रिकाम्या खळग्याला म्हणाला, "आई, आता बरं वाटतंय ना गं?"

थू!

त्यानंतर त्या ओट्यावर दोघांपैकी कुणीच झोपलं नाही. सकाळी तिसऱ्या वाडग्यातला चमचा पालथा होता. खीर तेवढीच होती. तो हिवाळा उस्तिनाने दाराजवळच्या बाकावर काढला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे दानिलो गेला, घर विकलं. मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे, बियालिस्तोकला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. भिंतीला रेडिएटर आहे, हिवाळ्यात उघडं बसलं तरी चालेल एवढी ऊब. पण तिचा पलंग रेडिएटरजवळ नीट रजई घालून रिकामा असतो. ती झोपते दाराशी, घडीच्या खाटेवर, कोट घालून.

खुळी म्हातारी, असं मी म्हणायचे.

मागच्या आठवड्यात गेले होते तिच्याकडे. बाहेर उणे वीस. बूट काढायला मी त्या पलंगावर बसले. फुंकर वगैरे काही नाही, मी शहरात वाढलेली बाई.

हुश्श...

गादीतली स्प्रिंग असेल. जुनी गादी आहे.

मावशी माझ्याकडे बघत होती. रागावली नाही. म्हणाली, "पोरी, या हिवाळ्यात मला तुझ्याकडे नेशील? इथं आता एकटीला जमत नाही. मला फार जागा लागत नाही. पायाशीसुद्धा चालेल."

मी म्हटलं, "मावशी, दोनच खोल्या आहेत गं. दोघींना जागा पुरायची नाही."

खोटं नाही ते. दोनच खोल्या आहेत. एवढ्या वर्षांत तिच्याकडे महिन्यातून एकदा जाणारी मीच एकटी आहे, तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

तिने माझे बूट उचलून दाराशी नीट ठेवले. मग म्हणाली, "तुझ्याकडे दाराजवळ बाक आहे का गं?"

नाहीये. मी हसलेसुद्धा.

परवा दुपारी मी घरी आडवी झाले होते. माझा पलंग दुहेरी आहे आणि मी एकटीच झोपते. हीटर चालू, गरम चहाचा कप उशाशी, खिडकीबाहेर बर्फ. मजेत होते. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा मी अगदी कडेला होते. एक पाय खाली लोंबत होता. चहा गोठला नव्हता, पण...

मानेवर गार लागलं.

फू.

खिडकी बंद होती. मी बघितली.

फू.

तिसरीसाठी मी थांबले नाही.

आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. बसण्याआधी काय केलं ते विचारू नका. मावशीला एक फोन करायचा आणि ये म्हणायचं, एवढंच तर आहे. फोन समोर पडलाय.

अजून केलेला नाही.