ओळीतलं शेवटचं माणूस

गावातली जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली, तेव्हा पटावर मूठभर पोरं उरली होती. वरून कागद आला, की ही पोरं आता केंद्रशाळेत पाठवा. दोन्ही खोल्यांना कुलूप लागलं. खिडकीतून पाहिलं तर फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख अजून दिसायची.

केंद्रशाळा जंगलापलीकडे. डांबरी रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो. पायवाट सागाच्या बनातून सरळ जाते, पोरांच्या पावलांनी तासाभराची. त्या बनात वाघ फिरतो हे मूल गावच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक. म्हणून पोरांसोबत कोणीतरी मोठं माणूस हवंच होतं.

बंद झालेल्या शाळेत वच्छला पोषण आहाराची खिचडी शिजवायची. शाळा गेली तशी तिची चूलही गेली. ती म्हणाली, माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोरं आहेत, मीच नेईन-आणीन. तिचा नवरा मनसाराम ढिवर. जाळं घेऊन त्याला पलीकडच्या तलावावर जावंच लागायचं. तो पुढे चालायला लागला, वच्छला मागे, मधे पोरं.

झाडीपट्टीतली माणसं मोहफुलाला, तेंदूपानाला जातात तेव्हा जंगलात कोणाला नावानं हाक मारत नाहीत. पुढचा नुसता 'हो' करतो. ओळीतलं शेवटचं माणूस तिकडून 'हो' देतं. ते आलं, की मधली सगळी आहेत असं समजायचं. चालताना मागे पाहायचं नाही. पाहणारा ठेचकाळतो आणि ओळ तुटते. शेवटच्याचा आवाज आला नाही, तरच पुढच्यानं थांबायचं, वळायचं आणि त्याला शोधत मागे यायचं. पोरांना हे सगळं वच्छलानंच शिकवलं.

तिच्या गालात नेहमी तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. त्यामुळे तिचा 'हो' तोंड उघडून यायचाच नाही. नाकातून 'हूं' यायचा. मनसाराम चिडवायचा, की खर्रा थुकून बोल, नाहीतर वाघाला वाटेल म्हैस आहे. ती म्हणायची, म्हशीले वाघ भेते.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. गावच्या डॉक्टरनं आधी सुई दिली, मग चंद्रपूरला न्या म्हणाला. चंद्रपूरहून मनसाराम तिला घेऊन परतला, पण ती बोलत नव्हती. घाटावरून येऊन त्यानं आंघोळ केली आणि ओसरीत बसला. कोपऱ्यात तिच्या चपला होत्या. त्या त्यानं उचलल्या नाहीत.

तेरवी झाली. सोमवारी पोरं दप्तर घेऊन दारात उभी राहिली. तो उठला.

मागे त्यानं खुशबूला ठेवलं. सातवीतली, दांडगी पोरगी. पहिले काही दिवस तो 'हो' करायचा, तिचा पातळ 'हो' यायचा, आणि तो पुढे चालत राहायचा. थंडी पडली. सागाची पानं गळून वाटेवर साचली, पायाखाली पापडासारखी मोडू लागली. एक दिवस नाल्याच्या उतारावर त्यानं 'हो' केला आणि मागून 'हूं' आलं. नाकातून.

त्याचं पाऊल अडखळलं, पण तो वळला नाही. पोरगी नक्कल करत असेल, असं त्यानं धरलं. पोरंच ती.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी शाळेच्या फाटकाशी त्यानं खुशबूला बाजूला घेतलं. काकूची नक्कल करू नको, मले बरं नाही वाटत, असं सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मी तर आवाजच नाई देत, काका," ती म्हणाली. "मी द्याच्या आधीच येते. मले वाटलं, तुमाले मालूम आहे."

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो वाटेवर जास्त वेळा 'हो' करू लागला. गरज नसताना, मोकळ्या जागीसुद्धा. दर वेळी उत्तर यायचं. तलावावर बसला की जाळ्याकडे त्याचं लक्ष नसायचं, शाळा कधी सुटते याकडे असायचं.

केंद्रशाळेतले संघपाल सर भला माणूस. पोरं जंगलातून पायी येतात, याचा त्यांना घोर होता. जिल्ह्याला जाऊन जाऊन त्यांनी पोरांसाठी जीपगाडी मंजुरीपर्यंत आणली. फक्त वाट धोक्याची आहे असं गावानं म्हणायला हवं होतं. सभा भरली. सरांनी मनसारामला विचारलं, कारण रोज चालणारा तोच. तो म्हणाला, वाट चांगली आहे, आजवर कोणाच्या केसाला धक्का लागला नाही, गाडी कशाला. रिंकूची आजी गुणाबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिची नात पहिलीत होती, ओळीत सगळ्यात लहान.

"तुले काऊन नको गाडी?" तिनं विचारलं.

त्याच्या शब्दावर गाडी मागे पडली.

फागुनात एका बुधवारी खुशबू आईसोबत मूलला गेली. मागे कोण चालणार, असा प्रश्न आला. अमर पाचवीतला, पण तो मागे राहायला तयार होईना. रिंकू म्हणाली, मी राहते. इतक्या लहान पोरीला कोणी शेवटी ठेवत नाही. मनसारामनं ठेवलं. मागे कोणीतरी आहेच, असं त्याच्या मनात होतं.

नाल्यापाशी त्यानं 'हो' केला. उत्तर आलं. बांबूच्या बेटापाशी केला, उत्तर आलं. टेकडी चढताना केला, तेव्हाही आलं, पण त्या वेळी ते 'हूं' नव्हतं. 'हो' होतं. स्वच्छ, तोंड उघडून दिलेलं. त्याला ते खटकलं. उत्तर आलं होतं, म्हणून तो चालत राहिला.

फाटकाशी पोरं आत शिरली. शेवटी अमर आला. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

मनसाराम पळाला. वाटेवर फक्त त्याच्याच पायांचा आवाज होता. टेकडी उतरून बांबूच्या बेटाशी आला तर रिंकू मोहाच्या बुंध्याशी बसलेली. दप्तर मांडीवर, चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. बाजूच्या धुळीत वाघाच्या पंजाचे ताजे ठसे होते. झाडाभोवती एक पूर्ण फेरी होती.

त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं. तिचं अंग गरम नव्हतं, ती रडतही नव्हती.

"काऊन बसली व इथी?"

"तिनं सांगतलं बस."

"कोण?"

"मांगं चालते ते बाई."

"कशी दिसते ते?"

रिंकूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

"मांगं पाहाचं नाई म्हणता ना तुमी."

त्याच दिवशी त्यानं संघपाल सरांना सांगितलं, की मी सभेत खोटं बोललो, गाडी लावा. का बोललो ते त्यानं सांगितलं नाही, सरांनी विचारलंही नाही. गुणाबाईच्या पाया पडायला तो गेला, तेव्हा तिनं पाय मागे घेतले.

चैत्रात गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी पोरांनी त्याला ओढून सोबत बसवलं. रिंकू त्याच्या मांडीवर बसली. डांबरी रस्त्यानं वळसा घेत सगळी शाळेत पोचली. गाडी शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबणार होती. सर म्हणाले, बसा, चहा घ्या, दुपारी पोरांसोबत जा. त्याला बसवेना. तो पायवाटेनं घराकडे निघाला.

सकाळचं ऊन होतं. सागाची झाडं उघडी पडली होती, लांबपर्यंत दिसत होतं. कुठे काही नव्हतं. टेकडी उतरताना 'हो' त्याच्या ओठांवर आला. तो त्यानं गिळला. मागे कोणी नसताना हाक द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

बांबूचं बेट गेलं. मोहाचं झाड गेलं. नाल्याच्या उतारावर तो पोचला.

"हो."

मागून नाही. पुढून.

एवढ्याशा आवाजावरून कोणाचा ते सांगता येत नव्हतं. पुढे वाट रिकामी होती. त्या रिकाम्या वाटेवर पानं मोडत होती, कोणी चालत असावं तशी.

त्याच्या मागे कोणी नव्हतं. शेवटचा तोच होता.

त्यानं ओठ घट्ट मिटले.

पुढची पानं मोडायची थांबली. थोडा वेळ काहीच वाजलं नाही.

मग पानं पुन्हा मोडू लागली. या वेळी आवाज त्याच्याकडे येत होता.