हिसाराच्या आत

दिवस मावळून मगरिबची अजान झाली की सिंदेवाहीतल्या त्या घराचं दार लागायचं. मग सईदा एकेका कोपऱ्यात उभी राहून कुराणातली आयतल कुर्सी पढायची आणि फुंक मारायची. हिसार बांधायची, म्हणजे घराभोवती अल्लाचं कुंपण घालायची. एकदा पढायला घेतलं की चौथ्या कोपऱ्यातली फुंक होईपर्यंत तिनं बोलायचं नाही, आणि कोणी दाराची कडी काढायची नाही.

तिचा मोठा मुलगा सादिक तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा होतात तिथं, हिशेब ठेवणारा मुनशी होता. त्याला वाघानं नेलं. जे सापडलं ते चादरीत बांधूनच घरी आलं. तोंड कोणाला दाखवलं नाही. धाकट्या सलमाननं खांदा दिला तेव्हा जनाजा इतका हलका लागला, की आपण भाईला पुरलंच नाही असं त्याला अजून वाटायचं.

त्या संध्याकाळी लाईट गेली होती. सलमान उंबऱ्यातच अडून बसला.

"भाईले काऊन नाई वाचवलं तुह्या अल्लानं?"

"तोबा कर बेटा. तो बाहेर होता. घर मी अल्लाच्या हवाली केलं हाय. आतल्याले काई होत नाई."

"पहले अंदर ये, मग भांड," बहीण उमेरा चिमणी पेटवत म्हणाली. "सारे मच्छर घरात घेऊन राह्यला."

दार लागलं. सईदानं पढायला घेतलं. तिसरा कोपरा झाला आणि बाहेर, अगदी दाराला लागून, कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं,

"सल्लू..."

या नावानं त्याला फक्त भाई हाक मारायचा.

"सल्लू... मले अंदर घे..."

उमेरानं हातातली चिमणी दाराकडे धरली. सईदाचे ओठ चालूच होते. तिनं डोळे विस्फारून जोरजोरात मान हलवली. नाही. पण सलमानच्या डोक्यात एकच घुमत होतं. तो बाहेर होता. बाहेर होता म्हणूनच...

त्यानं कडी ओढली.

बाहेर कोणी नव्हतं. शेजारच्या बकऱ्या भिंतीला चिकटून मुक्या उभ्या होत्या. तेवढ्यात त्याच्या गुडघ्याला काहीतरी गरम, केसाळ घासून आत गेलं.

त्यानं दार लोटलं. त्याच क्षणी सईदाची चौथी फुंक झाली.

"अम्मी... कोणी नव्हतं..."

सईदा दाराकडून घरातल्या अंधाराकडे वळली. "आता बाहेरचं आत येत नाई," ती म्हणाली. मग फार हळू, "अन् आतलं... सकाळपर्यंत बाहेर जात नाई."

"भाई असन तर... काई करनार नाई ना?" उमेरानं विचारलं.

सईदानं दोघांना कवेत ओढलं. धान्याच्या कोठीमागच्या अंधारात कुणाचा तरी श्वास चालला होता. ती तिकडेच पाहत राहिली. तिचा आवाज मात्र कापला नाही.

"सादिक असशील तर तुलेबी अल्लाची अमान, त्याचा आसरा, बेटा. नसशील... तरी घर अल्लाचंच हाय."

आणि तिनं अंधारावर फुंक मारली. चिमणीची ज्योत कोठीकडे झुकली. क्षणभर सरळ झाली. मग कोठीमागून तशीच फुंक आली आणि ज्योत, सावकाश, तिच्या तोंडाकडे वळली.