पाहुणीचं घर

खोकं आलं तेव्हा मी भांडी घासत होते. सामान आणणाऱ्या माणसाने ते दोन बोटांनी पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, उलटं धरू नका. आत काहीतरी जिवंत आहे." जिना उतरताना त्याने हात पँटला खसाखसा पुसले.

खोक्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. ते बघून मला रडू आलं नाही, राग आला. हा माणूस स्वतः बेपत्ता आणि त्याचं सामान मात्र वेळेवर हजर!

तो नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर होता. कामगारांना पलीकडे नेणारी होडी उलटली. बाकी सगळे सापडले, काही जिवंत, काही तसे. हा एकटाच सापडला नाही. शोध थांबवल्याचं त्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, तेसुद्धा इतक्या हळू की मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं. सासूबाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. "येईल," एवढं एकच त्या म्हणत आणि रोज त्याचं ताट घेत.

खोक्यात कापसात गुंडाळलेली प्लास्टिकची डबी होती आणि डबीत तळहाताएवढी टॅरँट्युला. गडद तपकिरी, केसाळ, गुडघ्यांवर फिकट पट्टे. कोळी पाळायचं खूळ त्याच्या डोक्यात वर्षभर होतं. मी म्हणायचे, घरात कोळिष्टकं कमी आहेत म्हणून आता विकतचा कोळी? तो हसायचा. शेवटी मला न सांगता मागवलाच.

"फेकून देऊ?" मी सासूबाईंना विचारलं.

"फेकायला काय झालं? त्याने हौसेनं मागवलाय ना? आल्या आल्या पहिलं हेच विचारेल. एवढासा जीव सांभाळता आला नाही म्हणेल." त्यांनी डबीत वाकून बघितलं आणि दचकून मागे झाल्या. "पाहुणी आहे म्हणायचं. करू काहीतरी सोय."

म्हणजे आता ही जगली तर तो येणार, असा हिशेब त्या क्षणी आमच्या घरात ठरून गेला. मी तो मानत नव्हते. पण मोडायची हिंमतही माझ्यात नव्हती.

नवऱ्याने घर तयार करून ठेवलं होतं, त्याच्या समजुतीप्रमाणे. माशांची उंच काचपेटी, तळाला गोटे, वर गरम दिवा आणि चढायला चक्क लाकडी शिडी. मी विकणाऱ्याला फोन लावला. शिडीचं ऐकून तो ओरडलाच.

"ताई, ही झाडावरची नाही, जमिनीवरची आहे! वरून गोट्यांवर पडली तर पोट फुटून मरेल. दिवा पण काढा. बुटकी पेटी घ्या, भरपूर माती घाला, लपायला जागा द्या. आणि सारखं डोकावू नका."

मी बुटकी पेटी आणली. नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवला, मुठीत दाबला तर पाणी ठिबकणार नाही इतपत पिळला आणि पेटी अर्ध्याहून जास्त भरून थापला. एका कोपऱ्यात बुचाच्या झाडाच्या सालीचं अर्धगोल नळकांडं निम्मं पुरलं. पाण्याला उथळ बशी ठेवली. हवेसाठी बाजूंना बारीक भोकं होतीच, झाकणाला खिटी होती. मग डबी आत आडवी ठेवून मऊ ब्रशने मागून हळूच लोटलं. ती एक एक पाय उचलत बाहेर आली, सालीखाली गेली आणि तिथेच बसली. पेटी मी बाहेरच्या खोलीत बैठ्या कपाटावर ठेवली. होडी उलटल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला भूक लागली.

संध्याकाळी दिवे लावताना ती सालीबाहेर आलेली दिसली. तोंड बाहेरच्या दाराकडे, पुढचे दोन पाय जमिनीपासून किंचित उचललेले. थोड्या वेळाने ती जागच्या जागी वळली. मग पुन्हा वळली आणि परत सालीखाली गेली. नवी जागा आहे, रुळेल, असं मी म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं. तिसऱ्याही.

"तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही," विकणारा म्हणाला. "पायांनी कळतं. जमीन थरथरली की ती तिकडे वळते. फ्रिज असेल, लिफ्ट असेल. पेटीखाली फोम घाला."

हे मला पटलं, कारण माझं कामच हे आहे. मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की त्याने बटण दाबायचं. काही जण आवाज नसतानाही दाबतात. खोटं नाही बोलत बिचारे. ऐकू यावं अशी इतकी इच्छा असते की त्यांना ऐकू येतं. म्हणून मी मध्येच मुद्दाम काही न वाजवता बसते आणि कोण दाबतंय ते बघते.

मी फोम घातला. फ्रिज दुसऱ्या भिंतीला नेला. पेटी भिंतीपासून पुढे ओढली. मातीचा थर आणखी जाड केला. सासूबाई मदतीला होत्या. "नव्या सुनेचेसुद्धा एवढे लाड झाले नव्हते," असं म्हणत त्यांनी भुसा थापून दिला. त्या चालल्या की पाहुणी त्यांच्याकडे वळे, मी चालले की माझ्याकडे. यात काही नवल नव्हतं. नवल संध्याकाळचं होतं, आम्ही दोघी खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलेल्या असताना.

ती कुठे वळते ते मी एकदा नीट बघितलं. आधी दार. मग दाराशेजारचं चपलांचं कपाट, तिथे जरा वेळ. मग कोपऱ्यातलं हात धुवायचं बेसिन. तिथून सावकाश, एकेक पाय टाकत, जेवणाच्या टेबलाची भिंतीकडची खुर्ची. त्यानंतर ती पाय खाली टेकवून शांत होई.

कामावरून आला की तो याच क्रमाने यायचा. बूट काढायचा, हात धुवायचा, त्या खुर्चीत बसायचा.

सासूबाईंना मी सांगितलं नाही. काय सांगणार? तो येतोय, पण बूट दिसत नाहीत? हे पावलांचं खरं असेल, तर तो नदीत होता. आणि तो नदीत असायला मला नको होता. मला तो हवा होता. घोरणारा, ओला टॉवेल पलंगावर टाकणारा, मला न सांगता कोळी मागवणारा.

मग मी त्या पेटीच्या मागेच लागले. पाहुणीचं घर इतकं चांगलं करायचं की तिला बाहेरचं काही कळताच कामा नये. जमिनीवर सतरंजी घातली, तिच्यावर गादी. पेटीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. दवाखान्यातून घरी येताना मी फक्त मातीचा विचार करायचे. कोरडी झाली का, घट्ट झाली का. एका संध्याकाळी सगळ्या इमारतीची वीज गेली; लिफ्ट बंद, पंप बंद, फ्रिज बंद. मी मेणबत्ती घेऊन पेटीसमोर बसले. मनात म्हटलं, आता मी काही वाजवत नाही. आता दाबू नकोस गं बाई.

दार. कपाट. बेसिन. खुर्ची.

शेवटी तिने बीळ खणलं. विकणारा खूश झाला. "खणायला लागली म्हणजे घर आवडलं. आता ती निवांत." खरंच काही संध्याकाळी ती वर आली नाही. सासूबाईंना झोप लागू लागली. मलाही लागली. मग एका संध्याकाळी माती ओली आहे का बघायला मी पुढच्या काचेजवळ तोंड नेलं. बीळ काचेला लागून होतं. आत, मातीच्या तळाशी, ती वळत होती.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सासूबाई शेजारणीकडे गेल्या होत्या, म्हणून मोठ्याने रडले. रडून झाल्यावर भिंतीकडच्या खुर्चीकडे बघून बोलले. चांगली शिकलेली बाई, रिकाम्या खुर्चीशी बोलले.

"असा नको येऊस," मी म्हटलं. "मला तू असा नकोस. चालता-बोलता माणूस पाठव, कसाही, कुठूनही. नाहीतर येऊ नकोस."

बिळात पाहुणी हलली. खुर्चीकडून बेसिनकडे, कपाटाकडे, दाराकडे. उलट्या क्रमाने ती प्रथमच वळली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन आला. तो सापडला होता. नदी जिथे पार रुंद होते तिथल्या एका रुग्णालयात तो इतके दिवस बिननावाचा पडून होता आणि काल संध्याकाळी अचानक उठून बसून त्याने नाव-पत्ता सांगितला होता. मी हेडफोन लावलेल्या म्हाताऱ्याला तसंच खोलीत सोडून धावले.

त्याला आणलं ती दुपार मला कायम आठवेल. सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचनात. तो वाळला होता, पण तोच होता. तोच आवाज, तीच तिरकी मान. "रडताय काय? मी आलोय ना," म्हणाला. मी त्याचा हात धरला. हात गरम होता. देवा, किती बरं वाटलं मला!

मग त्याने पेटी बघितली. "अरे वा! आली का माझी राणी?"

तो पेटीसमोर जाऊन वाकला. पाहुणी बिळाबाहेर, बशीशेजारी बसली होती. ती हलली नाही. त्याने काचेवर टिचकी मारली. ती हलली नाही.

"झोपलीय," तो म्हणाला.

"फोम आहे खाली," मी म्हटलं आणि फोम काढला. सतरंजी, गादी ओढून बाजूला केली. "आता चाल बरं जरा."

"चालू?"

"दारापर्यंत जा आणि ये."

तो गेला, आला. दणकट पायांचा माणूस. पाहुणी बशीशेजारी तशीच. मला हसू येईना. "उडी मार," मी म्हटलं.

"अगं, काय वेड लागलंय का तुला?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "आत्ता कुठे आलाय तो!"

पण त्याने हसत उडी मारली. दोनदा. मी बशीतल्या पाण्याकडे बघत होते. पाण्यावर रेघसुद्धा उठली नाही.

तेवढ्यात सासूबाई त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या, अनवाणी, हलक्या पावलांनी. बशीतलं पाणी थरथरलं. पाहुणीने पाय आखडले आणि ती त्यांच्याकडे वळली.

"बघ, आजीला ओळखते," तो म्हणाला आणि ग्लास घेतला.

काहीतरी कारण असेलच, असं मी स्वतःला सांगितलं. मातीचा थर जाड आहे. तो अशक्त आहे. चाचणी एकदाच घेऊन काही ठरवायचं नसतं.

संध्याकाळी सासूबाईंनी लवकरच ताटं घेतली. तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला. मी त्याच्या समोर. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पेटी मला त्याच्या खांद्यावरून दिसत होती. सासूबाई वाढत होत्या, बोलत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणी उठली.

दार.

माझा घास हातातच राहिला. तो तर समोर जेवत होता.

कपाट. तिथे जरा वेळ.

बेसिन.

मग ती टेबलाकडे वळली. भिंतीकडच्या खुर्चीच्या रोखाने येऊन अडली, पाय उचललेलेच. बसायला जागा नसलेल्या माणसासारखी तिची दिशा इकडेतिकडे झाली. मग हळूहळू टेबलाला वळसा घालून माझ्याकडे. माझ्या पाठीमागे. माझ्या उजव्या बाजूला.

तिथे ती थांबली. पाय खाली टेकेनात.

मी मान वळवली नाही. टेबलाखालून पाय लांब केला आणि शेजारची रिकामी खुर्ची हळूच बाहेर सारली, एका माणसाला बसता येईल इतकी.

पाहुणीने एकेक करून पाय खाली टेकवले.

"अजून वाढू का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढ ना," तो म्हणाला. आणि ताटातून नजर न उचलता, टेबलाखालून पाय लांब करून, त्याने ती खुर्ची पुन्हा आत ढकलली.