साडेसातच्या मालिकेतली पाचवी बाई

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, तुम्हाला घाबरवून मला काही मिळणार नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात हजेरीपटावर बसते. कोण आलं, कोण आलं नाही, कोण आल्याची सही करून कँटीनला गेलं, हे बघणं माझं काम. माणसं मोजायची ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. तेव्हा या गोष्टीतला आकडा चुकलेला नाही, एवढं धरून चाला.

वार शनिवार. तारीख १८ नोव्हेंबर २००६. वेळ संध्याकाळी साडेसात ते आठ.

जागा, कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं घर.

म्हणजे मध्यरात्र नव्हती. स्मशान नव्हतं. समोरच्यांच्या कुकरला तिसरी शिट्टी होत होती.

त्या वर्षी लोडशेडिंगनं काय केलं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. एक आठवडा आमच्याकडं साडेसहा ते सव्वाआठ अंधार, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडं. वेळापत्रक मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवायची. आणि नेमकी त्या अंधारातच साडेसातची मालिका यायची.

मालिकेचं नाव सांगत नाही. त्यात चार बायका होत्या. थोरली सून, धाकटी सून, घरी परत आलेली नणंद आणि स्वयंपाकीण. माझ्या सासूबाई शिवगंगा, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्या या चौघींवर माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असायच्या. माझी तक्रार नव्हती. तेवढाच मला अर्धा तास मोकळा.

पण अंधारात मालिका बघायची कशी?

आत्तींनी आणि कुरुंदवाडच्या आक्काताईंनी त्यावर तोड काढली होती. आक्काताई म्हणजे आत्तींची जुनी मैत्रीण. आत्ती आणि मामंजी पूर्वी बरीच वर्षं कुरुंदवाडात त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होते. आता त्या घरात आक्काताई एकट्या. मुलगा जयपाल पुण्याला. दोघींचा नियम असा : ज्या घरी लाईट असेल, त्या घरातून फोन लावायचा. एकीनं बघायचं, एकीनं ऐकायचं. आमचा फोन साधा, वायरचा. लाईट नसली तरी चालायचा.

आक्काताई नुसतं सांगायच्या नाहीत, शिव्या घालत सांगायच्या. "आली बघ रडतूंडी!" म्हटलं की आम्ही समजायचं, धाकटी सून आली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. टीव्हीही जुना, चित्र काळपट. तरी बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

त्या आठवड्यात अंधाराची पाळी आमची होती.

सोमवारी आक्काताई म्हणाल्या, "गंगे, आज एक नवीनच बाई आलीया गं..."

आत्ती सरसावून बसल्या. मी रिसीव्हरला बाहेरून कान लावला.

"कोण गं?"

"कुणाला ठावं. दारात उभी हाय. पदर दातात धरलाय. बोलत न्हाय, हालत न्हाय. नुसती बघाय लागलीया."

"सवत असणार! थोरल्याची पहिली बायको. त्याच्या तोंडावरच दिसतंय मेल्याच्या."

झालं. मंगळवारी सकाळपर्यंत आत्तींनी त्या बाईचं लग्न, काडीमोड आणि एक लपवलेलं पोर, सगळं ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी ती बाई परत दारात. तीच साडी.

बुधवारी तीच साडी. पण उंबऱ्याच्या आत.

"कुणीच कसं विचारत न्हाय गं तिला?" आत्ती चिडल्या.

"न्हाय की. तिच्या म्होरं चौघी भांडत्यात, पर एक मान वळवंल तर शपथ!"

गुरुवारी ती भिंतीजवळच्या कपाटापाशी आली होती.

मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक अक्षरात लिहीत गेले. दार. दार. उंबऱ्याच्या आत. कपाट.

का लिहिलं? सवय.

शुक्रवारी ऑफिसात प्रेरणाला विचारलं. तिच्याकडं इन्व्हर्टर, तिचा एकही भाग चुकत नाही. "ती नवी बाई कोण गं? पदर दातात धरणारी?"

"कुठली बाई? चारच आहेत की."

मला मनातून हसूच आलं. म्हटलं, आक्काताई पदरचा मीठमसाला घालतायत! एकटी बाई, तेवढीच फोनवर मजा. त्या संध्याकाळीही त्यांनी सांगितलंच, "आज खुर्चीच्या पाठीमागं यिऊन उभारलीया."

मी लिहिलं. खुर्ची.

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारी दोनला आदल्या दिवशीचा भाग परत लागतो. आत्ती झोपलेल्या. मी एकटीनं बसून पूर्ण भाग बघितला. मोजून. प्रत्येक दार, प्रत्येक कोपरा.

चार बायका.

आणि त्या दिवाणखान्यात खुर्ची नव्हतीच. सोफा होता.

आत्तींना काही बोलले नाही. म्हटलं, संध्याकाळी आक्काताईंना फोनवरच पकडायचं.

साडेसातला फोन वाजला. मेणबत्ती टीव्हीवर ठेवून मीच उचलला. आत्ती पलीकडं पानाचा डबा घेऊन बसलेल्या.

"मावशी, ती बाई आली का आज?"

"आलीया की. यायची ऱ्हातीया व्हय?"

"कुठल्या सीनमध्ये?"

"समद्या."

"कुणाकडं बघतेय?"

"त्येच कळंना झालंय बघ. बाकीच्या एकमेकींकडं बघत्यात. ही सरळ म्होरं बघती."

मी आत्तींकडं बघून डोळे मिचकावले. आता सापडल्या मावशी!

तेवढ्यात फोनमधून गाणं ऐकू आलं. साबणाची जाहिरात. रोजची.

"मावशी, जाहिरात लागली ना?"

"व्हय."

"मग गेली असेल ती बाई."

पलीकडं नुसतं साबणाचं गाणं...

"मावशी?"

"न्हाय की. हाय की उभी."

माझं हसू तोंडातच राहिलं.

जाहिरातीत.

समोर आमचा बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत मी दिसत होते, फोन कानाला लावलेली. माझ्या पाठीमागं आत्ती. आत्तींच्या पाठीमागं आमचं दार...

आक्काताईंची खुर्चीही टीव्हीच्या समोर. त्यांच्या पाठीमागंही दार. आधी दार, मग उंबरा, मग कपाट, मग खुर्ची.

ते त्या मालिकेतलं घर नव्हतं.

"मावशी... टीव्ही बंद करा."

"का गं? आजून संपली न्हाय."

"आधी बंद करा. आणि बाहेर या. शेजारी केरबांच्या घरी जा."

खट्ट.

गाणं थांबलं. मग आक्काताईंचा आवाज आला, अगदी हळू.

"केला बंद... पर इद्याश्री, आता तर लई सोच्छ दिसाय लागलीया गं."

मला बोलायचं होतं. वळू नका म्हणायचं होतं, की वळून बघा म्हणायचं होतं, आजही सांगता येत नाही.

आणि आत्तींनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"काय गं आक्काताई? ती बया आजून उभीच हाय व्हय? सा दिस झालं! पाय हायत का लाकडं? आगं बस म्हण की तिला कुणीतरी!"

"आत्ती, नको..."

उशीर झाला होता. त्या दोघींची पन्नास वर्षांची रीत. एकीनं म्हणायचं, दुसरीनं री ओढायची. आक्काताईंचा आवाज मी तीन हातांवरून स्पष्ट ऐकला.

"बस गं बाई. किती उभी ऱ्हाशील?"

...

फोनमध्ये वेताची खुर्ची करकरली. कुणीतरी उठल्यासारखी.

मग परत करकरली.

कुणीतरी बसल्यासारखी.

आत्तींच्या कपाळावर आठी आली. "आक्काताई? उठलीस कशाला तू?"

फोन कुणी ठेवला नव्हता. पलीकडून काहीच येत नव्हतं... फक्त करकर. अधूनमधून. एखादी बाई खुर्चीत सावरून बसावी तशी.

माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवरून फोन करून आम्ही आक्काताईंच्या शेजारच्या केरबांना त्यांच्याकडं पाठवलं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

आक्काताई धडधाकट होत्या. टीव्ही बंद होता. रिसीव्हर वायरला लोंबकळत होता.

आक्काताई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर.

पदर दातात धरून, बंद टीव्हीकडं बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्ती आणि मी कुरुंदवाडला गेलो. आक्काताईंनी ओळखलं, चहा केला, माझ्या नोकरीचं विचारलं. सगळं ठीक. फक्त चहा आम्हाला दारातूनच पुढं केला. खोलीत आल्या नाहीत.

खोलीत दोन वेताच्या खुर्च्या होत्या. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो. का, ते आम्हालाही कळलं नाही.

"मावशी, आत या ना. बसा की."

"नको गं. बरं हाय."

"अहो, दोन खुर्च्या रिकाम्या आहेत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मला दिसायचं कमी झालंय.

"रिकाम्या कुठल्या? एकीवर ती बसलीया की." मग आत्तींकडं बघून हसल्या. "आन् दुसरी गंगीची हाय. पयल्यापासनं."

आत्तींनी न प्यायलेला चहा खाली ठेवला.

परतीच्या एसटीनं जयसिंगपूर सोडलं. आत्ती खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बनाबाई."

"कोण बनाबाई?"

"भांडी घासायला यायची आक्काताईकडं. तवा गल्लीत टीव्ही तिचा एकटीचाच. रविवारी सकाळी समदी गल्ली यायची. पोरं खाली, आम्ही दोघी खुर्च्यांवर. बनाबाई दारात. पदर दातात धरून बघायची, संपलं की भांड्याला जायची."

"किती दिवस?"

"दिवस कसलं. सा-सात वर्षं."

"आत नाही बोलावलं कुणी?"

आत्ती ताडकन म्हणाल्या, "आम्ही तिला कधी जा म्हटलं न्हाय हां!"

मी तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग त्याच म्हणाल्या, "बस बी म्हटलं न्हाय."

बनाबाई सत्त्याण्णव साली वारली होती. तापानं. दोन घरं पलीकडं.

डॉक्टरांनी आक्काताईंना तपासलं. वयाचं आहे म्हणाले. जयपालनं आईला पुण्याला न्यायचं बघितलं, त्या गेल्या नाहीत. मार्चमध्ये आक्काताई वारल्या. शेवटपर्यंत त्या खोलीत त्या एकदाही बसल्या नाहीत, असं केरबा सांगतात. रोज साडेसातला तेवढं दारात येऊन उभ्या राहायच्या.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. मी कुणालाही विचारलेलं नाही, कारण काय विचारायचं तेच कळत नाही. आक्काताईंना काचेत दिसलं ते काय होतं? म्हाताऱ्या डोळ्यांचा खेळ म्हणावं, तर ती करकर मी माझ्या कानांनी ऐकली. घरात एक नियम मात्र केला. लाईट गेली की आधी टीव्हीवर चादर टाकायची, मग मेणबत्ती शोधायची.

गेल्या मंगळवारी चादर धुवायला टाकली होती.

सात चाळीस झाले होते. आत्ती त्यांच्या जागेवर, टीव्हीसमोर. मी मेणबत्ती लावून त्यांच्या शेजारी बसले. पाठ दाराकडं.

दार लावलेलं होतं. मीच लावलं होतं.

आत्ती काळ्या काचेकडं बघत होत्या. खूप वेळ... मग त्यांचे डोळे भरून आले.

"इद्याश्री... तिनं बी तसाच पदर धरलाय गं दातात."

मी "कुणी?" म्हणून विचारलं नाही. मान वळवली नाही. काचेत मेणबत्तीच्या आजूबाजूला माणसं दिसत होती. ती किती, हे आयुष्यात पहिल्यांदा मी मोजलं नाही.

"किती दिवस उभी ठिवायची तिला?" आत्ती म्हणाल्या. "माझी मैत्रीण हाय ती."

आणि त्यांनी दाराकडं तोंड करून ओठ उघडले.

मी त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला.

लाईट यायला अजून अर्धा तास होता.