पाय काढू का?

मला खुर्चीला टेकून बसायचा आग्रह करू नका. अशी वाकूनच बरी आहे. का ते सांगते, पण मधे बोलू नका. दिवसभर पेशंटांचं ऐकून माझे कान किटलेत.

इंदिरानगरला माझं क्लिनिक आहे. मी ऑस्टिओपॅथ. गोळी नाही, सुई नाही, हातानं मणके आणि स्नायू मोकळे करते. एवढं शिकून बोर्ड लावला, तरी लोक विचारतात, "मालिशवाल्या मॅडम तुम्हीच का?" आणि पहिल्याच दिवशी "लय बरं वाटतंय" म्हणून पळतात. म्हणून माझा नियम आहे, दुखणं पुरतं जाईपर्यंत 'गेलं' म्हणायचं नाही. मला खोटं चालत नाही.

निफाडचा नवनाथ मात्र उलटा. द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली आणि या गड्याला वेलीखाली उभं राहून हात वर करता येईना. कंबरेवर एकाच जागी ओझं. रिपोर्ट सगळे चांगले. दाबून दाबून माझीच पाठ धरली, आणि हा दर वेळी म्हणायचा, "नाय मॅडम. हाय तसंच हाय."

त्या दुपारी मी पार वैतागले होते. तो पालथा पडलेला, तोंड टेबलाला श्वासासाठी ठेवलेल्या भोकात. मी डोळे मिटून तळहात टेकवला; हातानं बघायचं तर डोळे मिटावेच लागतात. खोलीत कुठून तरी एरंडेलाचा वास आला. मी एरंडेल वापरत नाही. माझ्या बोटांखाली त्याची कातडी दबत होती... आणि मी दाबत नव्हते. आधी टाच लागली. मग चवडा. मग बोटं, चारच. डावा पाय होता आणि त्याला करंगळी नव्हती.

डोळे उघडले. पाठीवर काहीच नव्हतं, फक्त पावलाएवढा खळगा.

"नवनाथ... पाठीवर कुणी पाय दिला होता का?"

तो भोकातूनच म्हणाला, "आईनं."

त्याची आई यशोदाबाई पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते म्हणतात. गावोगावचे लोक तिच्या दारात येऊन पालथे पडायचे. ती डावा पाय द्यायची आणि विचारायची, "पाय काढू का?" दुखणं गेलं की माणसानं "काढ" म्हणायचं. त्याशिवाय ती पाय उचलायची नाही. गेल्या उन्हाळ्यात नवनाथलाच उसण भरली. तिनं पाय दिला, विचारलं, आणि हा उत्तर देणार तोच ती तिथंच कोसळली आणि गेली.

"तिची करंगळी...?"

"कोयत्यानं तुटलेली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी हात झटकन मागं घेतला. आणि खरं सांगते, रागही आला. "मग म्हणून टाका ना 'काढ'. इतके दिवस माझा जीव कशाला खाल्लात?"

"म्हणलं तर ती जाईल, मॅडम."

"आणि बाग?"

भोकाखाली फरशीवर टपटप पाणी पडायला लागलं. रडत होता. मग अगदी हळू म्हणाला, "काढ, आई."

खळगा भरून आला. नवनाथ उठला, ताठ उभा राहिला, दोन्ही हात वर नेले. नंतर दारापर्यंत जाताना सारखा मागं वळून बघत होता.

तो गेल्यावर मी त्याच टेबलावर पालथी पडले. डॉक्टरची पाठ कोण बघणार? भोकातून नुसती फरशी दिसत होती. पुन्हा एरंडेलाचा वास आला. बरोबर दुखऱ्या मणक्यावर टाच टेकली... चवडा... चार बोटं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"पाय काढू का, बाई...?"

तुम्ही म्हणाल, 'काढ' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण कळ थोडी होतीच हो, आणि नियम माझाच. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, अजून राहू द्या.

आज सकाळपासून दुसराही पाय ठेवलाय. त्याला करंगळी आहे.

आणि तोही डावाच आहे.