चौदा लागलं

कागद गिरणीत दोघे सख्खे भाऊ कामाला होते, म्हणून लोक एकाला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. थोरला गेला त्याला आठ महिने झाले. धाकट्याला मात्र अजून सगळे धाकटाच म्हणत. नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही, आणि त्यालाही ते सांगावंसं वाटलं नाही.

तसं त्याला हल्ली काहीच वाटत नसे. कॅन्टीनमधला वाफाळता चहा तो पाण्यासारखा घशाखाली घाली. हौदावरचा ऑपरेटर, ज्याची बडबड कधी थांबत नसे म्हणून ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो बघत राही.

"अरे, जीभ आहे की चामडं? आम्ही फुंकून फुंकून दमतो आणि तू आपला गटागटा!"

"गरम होता का?" धाकटा विचारी. खरोखरच विचारी.

काम मात्र चोख. गिरणीतल्या सहा यंत्रांना सहा पीएलसी होते. पीएलसी म्हणजे यंत्राचा कारभार बघणारी, पॅनेलमध्ये बसवलेली डबी. पंखा कधी फिरायचा, पंप कधी थांबायचा, सगळं तीच ठरवते. आजवर या सहाजणी एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या होत्या. रद्दी भिजवणाऱ्या हौदाला काय झालं, हे पुढच्या गाळणीला माणसाने ओरडून सांगावं लागे. आता सहाही ईथरनेटच्या तारेने जोडायच्या होत्या. धाकट्याने महिनाभर खपून केबल ओढल्या होत्या आणि प्रत्येकीला पत्ता दिला होता. हौदाचा एकवीस, गाळणीचा बावीस, असं सव्वीसपर्यंत. प्रत्येकीने बाकीच्यांना दोन गोष्टी सांगत राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. पहिली, 'माझ्याकडे कुलूप लागलेलं आहे की नाही.' दुसरी, दर सेकंदाला एकाने वाढणारा आकडा, म्हणजे 'मी जिवंत आहे.' आकडा थांबला किंवा कुठेही कुलूप दिसलं, तर सगळी ओळ उभी.

कुलपाची रीत गिरणीत जुनीच होती. यंत्रात उतरण्याआधी माणसाने मुख्य खटक्याला आपल्या नंबरचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मोठ्याने ओरडायचं, "चौदा लागलं!" जवळ असेल त्याने उलट ओरडायचं, "चौदा ऐकलं!" बाहेर आला की, "चौदा सुटलं!" ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तो कुठे दिसलाच नाही, तर त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय कोणी ते तोडायचं नाही.

चौदा नंबर थोरल्याचा होता.

चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं की थोरला कुलूप न लावता हौदात उतरला. दर महिन्याच्या सुरक्षा सभेत साहेब त्याचंच उदाहरण देत. "अनुभवी माणूस, पण एक क्षण गाफील राहिला," असं म्हणत. धाकटा तिसऱ्या रांगेत उभा राहून ऐके. पुतणीला शाळेत कोणी तरी म्हणालं होतं, चूक तुझ्या बाबांचीच होती. ती घरी येऊन काही बोलली नव्हती, नुसती दप्तरासकट झोपली होती.

वहिनी आठ-पंधरा दिवसांनी एकदा विचारत. ताट वाढताना, पाठमोऱ्या.

"भाऊजी, हे कुलूप विसरले असतील का हो? घरातून निघताना गॅस तीन-तीनदा बघणारा माणूस."

"होतं असं कधी कधी, वहिनी," तो म्हणे आणि जेवू लागे.

ओळ चालू करायचा दिवस उजाडला. चार वाजता वरचे लोक येणार होते. सकाळी अकराला धाकट्याने लॅपटॉप जोडला आणि नेहमीची तपासणी घेतली. ही तपासणी म्हणजे ओळीने प्रत्येक पत्त्याला हाक मारायची आणि कोण ओ देतं ते बघायचं. एक ते वीस पत्ते रिकामे ठेवलेले. तिथून ओ यायला नको. एकवीस ते सव्वीसमधून यायला हवी.

यादीत सात नावं आली.

एकवीस ते सव्वीस होतेच. त्यांच्या वर, एकटाच, चौदा होता.

कोणी तरी परवानगीवाचून काही जोडलं असणार, असं त्याने धरलं. ऑफिसातला प्रिंटर असेल, एखाद्याचा कॅमेरा असेल. तो पॅनेलपाशी गेला. सगळ्या केबल जिथे एकत्र येत त्या स्विचला आठ भोकं होती. सहांत सहा यंत्रांच्या केबल होत्या, आठव्यात लॅपटॉपची. सातवं भोक रिकामं होतं. त्यात धूळ बसू नये म्हणून त्यानेच लावलेलं रबरी बूच जागच्या जागी होतं. बुचाच्या वरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. सेकंदाला एकदा.

त्याने यंत्रांच्या सहाही केबल एकेक करून उपसल्या. त्यांचे सहाही दिवे विझले. सातवा लुकलुकत राहिला.

"काय रे, काय शोधतोस?" रेडिओने मागून विचारलं.

"एक जास्तीचा आहे."

"जास्तीचा काय?"

"माहीत नाही."

रेडिओने दिव्याकडे पाहिलं, मग बुचाकडे. 

धाकट्याने केबल पुन्हा लावल्या आणि चौदा नंबरची मेमरी उघडली. त्यानेच आखलेला तक्ता तिथे होता. या सहा यंत्रांखेरीज तो त्याने कोणाला दिलेला नव्हता. सगळे रकाने शून्य होते, फक्त दोन सोडून. कुलपाच्या रकान्यात एक, म्हणजे कुलूप लागलेलं आहे. आणि जिवंतपणाच्या रकान्यात दोन कोटी नऊ लाख एकोणऐंशी हजार सहाशे.

सहाशे एक. सहाशे दोन.

तो हिशेबाचा माणूस. पेन्सिल घेऊन त्याने पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला भागाकार मांडला. दोनशे बेचाळीस दिवस, एकोणीस तास, चाळीस मिनिटं. घड्याळात अकरा वाजलेले. तिथून मागे मोजत तो गेला, आणि पेन्सिल जिथे थांबली ती तारीख त्याला कॅलेंडरात बघावी लागली नाही. वेळ होती दुपारची तीन वीस.

त्या दिवशी हौदातला पंखा फिरला तो चार वाजता. चौकशीच्या कागदावर चार हीच वेळ होती. तीन वीसचं कोणाला काही माहीत नव्हतं.

धाकट्याला होतं. तीन वीसला तो या पॅनेलशीच उभा होता आणि हौदाकडून आवाज आला होता, "धाकट्या, चौदा लागलं रे!"

आणि त्याने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "चौदा ऐकलं!"

त्याने पेन्सिल कानामागे अडकवली. 

दुपारपर्यंत त्याने येत होतं ते सगळं करून पाहिलं. स्विच बंद करून चालू केला. तो बदलून नवा लावला. नव्यातलंही सातवं भोक लुकलुकू लागलं. सहाही पीएलसींच्या प्रोग्राममध्ये त्याने एकेक ओळ तपासली. चौदाचा उल्लेख कुठेही नव्हता. तरी सहाच्या सहा यंत्रं पडद्यावर एकच वाक्य दाखवून उभी होती. चौदा नंबरवर कुलूप आहे, थांबा.

हौद उघडून बघितला. रेडिओने वरून बॅटरी मारली, धाकट्याने काठावरून वाकून पाहिलं. पोलादी तळ, कोरडा. मधोमध नवा पंखा. मुख्य खटक्याला एकही कुलूप नव्हतं.

"तुझा तो भाऊ असता तर..." रेडिओ बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"हं," धाकटा म्हणाला.

पावणेचारला साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात नोंदवही.

"झालं ना रे? गाडी फाटकातून आत येतेय त्यांची."

"थोडी अडचण आहे, साहेब. एक कुलूप दाखवतंय."

"कुठे?"

"चौदा."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं.  मग रुमालाने मानेवरचा घाम पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्राची चूक असेल. तो पत्ता बळेच बंद कर. ते जमत नसेल तर तपासणीच काढून टाक आणि सुरू कर. पुढचं मग बघू."

तेही करता येत होतं. 'कुलूप दुर्लक्षित करा' अशी एक ओळ घालायची, की झालं. धाकट्याने ती घातली. आता फक्त हिरवं बटण दाबायचं होतं.

सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हाही गिरणीचा नियमच होता. साहेबांनी वही उघडली आणि सवयीने विचारला.

"आत कोणी नाही ना? ज्याचं कुलूप, त्याच्याशी बोललास?"

हेच शब्द. आठ महिन्यांपूर्वी हेच शब्द, याच जागी, चारला काही मिनिटं कमी असताना. त्या दिवशीही घाई होती. धाकट्याने थोरल्याला फोन लावला होता आणि तो नुसता वाजत राहिला होता. कपड्यांच्या कपाटात वाजत होता, हे नंतर कळलं. फाटकाशी थोरल्याची स्कूटर नव्हती. ती वहिनी पुतणीला आणायला घेऊन गेल्या होत्या, हेही नंतरच कळलं. जागा रिकामी दिसली, तेव्हा त्याला वाटलं दादा कुलूप विसरून घरी गेला. 'सुटलं' ऐकलं नव्हतं. पण यंत्रांच्या गोंगाटात ऐकायचं राहून गेलं असेल, असं त्याने धरलं.

आणि तो म्हणाला होता, "बोललो, साहेब. घरी पोचलाय."

साहेबांनी लोखंड कापायच्या कात्रीने कुलूप तोडलं होतं. संध्याकाळी तोडलेलं कुलूप खिशात घालून तेच म्हणाले होते, "हे लागलंच नव्हतं. तुझंही भलं, माझंही."

पडद्यावर आकडा एकाने वाढला. पुन्हा एकाने.

"अरे, बोललास का?" साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले.

धाकट्याने बटणावरचं बोट उचललं.

"नाही."

"काय नाही?"

"बोललो नाही, साहेब. त्या दिवशीही बोललो नव्हतो. मी खोटं सांगितलं. कुलूप होतं. तुम्ही तोडलंत."

रेडिओ हौदाच्या जिन्यावर होता. त्याने सगळं ऐकलं. साहेबांचा चेहरा कागदासारखा झाला.

सातवा दिवा विझला.

पडद्यावर कुलपाच्या रकान्यात शून्य आलं. मग चौदा नंबर यादीतूनच गेला. सहाच राहिले.

"आत्ता कोण ओरडलं?" रेडिओने विचारलं.

आणि तो जिन्यावरून वाकून हौदात बघू लागला.

"हौदातून आवाज आला," तो म्हणाला. "चौदा सुटलं म्हणून."

धाकट्याने बटण दाबलं नाही. लॅपटॉप मिटला, साहेबांच्या हातातली वही घेतली, त्या दिवसाचं पान काढलं. 'कुलूप नव्हते' या ओळीवर त्याने रेघ मारली, खाली खरं लिहिलं, सही केली. रेडिओनेही न विचारता सही केली. पाहुण्यांची गाडी दाराशी थांबली तेव्हा धाकटा फाटकातून बाहेर पडत होता.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. पुतणी शिकवणीला गेली होती. त्याने उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं, फोनपासून कात्रीपर्यंत. मध्ये थांबला नाही. थांबला असता तर पुढचं राहिलं असतं.

वहिनींनी गॅस बंद केला. पुन्हा एकदा खटका फिरवून पाहिला. मग स्टुलावर बसल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यांच्या किल्लीवर मी लाल ठिपका दिला होता, नखांच्या रंगाचा. इतरांच्या किल्ल्यांत मिसळायला नको म्हणून. तुमच्या साहेबांनी मला गिरणीतल्या किल्ल्या टांगायच्या बोर्डावरची किल्ली दाखवली. म्हणाले, बघा, चौदाची इथेच आहे, म्हणजे कुलूप लावलंच नव्हतं. तिच्यावर ठिपका नव्हता, भाऊजी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल, म्हणून वाट बघत होते." आवाज चढला नाही. "रोज ताट वाढताना बघत होते."

त्याला खाली बसावंसं वाटलं. बसायला म्हणून त्याने खुर्ची ओढली, आणि नेहमीसारखी बोचते म्हणून खिशातली किल्लीची कडी मुठीत धरून बाहेर काढली. कडीत एकच किल्ली असायची, त्याच्या स्वतःच्या कुलपाची, पंधराची.

तळहाताला गार लागलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही तरी लागलं.

त्याने हात उघडला. कडीत दोन किल्ल्या होत्या. दुसरी ओली होती. तिच्या दात्यांत भिजलेल्या कागदाचा करडा लगदा अडकला होता, त्यातून अजून पाणी गळत होतं. वहिनींनी पदराने नाही, बोटानेच तो पुसला.

खाली लाल ठिपका होता.