ढेरपोट्या इंजिनाची फेरी

आता ही काय भानगड? मोठं इंजिन डोंगर चढायचं आणि त्याचंच हुबेहूब पिल्लू मात्र तळ्याकाठीच धापा टाकत थांबायचं!

धुक्यातल्या टेकडीवरच्या बागेत मुलांसाठी वाफेची छोटी आगगाडी सुरू व्हायची होती. सावनीच्या शास्त्रज्ञ हेमाआत्याकडे ठकी नावाची यंत्रबाई (बाईच्या रूपातला यंत्रमानव) होती. ठकीनं जुन्या काळच्या इंजिनावरून हे पिल्लू घडवलं होतं, अगदी खिळासुद्धा मापात. रविवारपर्यंत त्यानं फेरी मारली नाही, तर ते काचेच्या कपाटात जाणार होतं. सावनी तर रोज स्वप्नात त्यात बसून ढगांतून हिंडायची. तिला हे कसं सोसावं?

"माझं माप तसूभरही चुकलेलं नाही," ठकी फणकारली.

"मग वाफ टिकत का नाही गं?" सावनीला रडूच कोसळलं.

"रडता रडता बटाटे सोल," आत्या म्हणाली. "वडे करायचेत."

उकडलेल्या मोठ्या बटाट्याला हात लावताच सावनीला चटका बसला. त्याच पातेल्यातले छोटे मात्र केव्हाच गार झाले होते.

"असं कसं, आत्या?"

"एक मोठा सोल, त्याच्या वजनाइतके छोटे सोल, नि साली बघ."

सावनीनं सोलले. अगं बाई! छोट्यांच्या सालींचा ढीग कितीतरी मोठा!

"उष्णता पोटात साठते नि सालीतून पळते," आत्या म्हणाली. "वस्तू लहान केली की घनफळ (आतली जागा) झपाट्यानं घटतं. पृष्ठफळ (बाहेरच्या सालीचा पसारा) तितकं घटत नाही. पोट चिमुकलं, साल मात्र त्या मानानं मोठी."

सावनी ताडकन उठली. "म्हणजे आपला बॉयलर (पाण्याची वाफ करणारी बंद टाकी) छोटा बटाटा झालाय! ठकी, त्याला मोठं पोट दे. वरून ऊब धरणारं जाड अस्तर घाल!"

"पण मग ते हुबेहूब राहणार नाही," ठकी हिरमुसली.

"नाही तर नाही! काचेत हुबेहूब बसण्यापेक्षा ढेरपोटं धावू दे की."

ठकी मग कामाला लागली.

रविवारी ढेरपोटं इंजिन शिट्टी वाजवत निघालं. तळं मागे पडलं, झाडं धुक्यात विरली, वाफ आणि ढग एक झाले. आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच सावनीला कळेना. फेरी पुरी झाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"आत्या, चंद्रावर अशी गाडी नेली, तर तिला केवढं पोट लागेल?"

आत्यानं ठकीकडे पाहिलं. मापांवर जीव टाकणारी ठकी हळूच म्हणाली, "माप नंतर घेऊ. आधी बटाटे सोलू."